शोधनिबंध किती, हे विचारू नका!

गेल्या आठवड्यात एका आजोबांनी गुडघेदुखीच्या कॅप्सूलची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. सोबत जाहिरातीचे पत्रक. "डॉक्टर, हे बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचे तीनशे शोधनिबंध आहेत म्हणे. घेऊ ना?" मी विचारले, "त्यातले या कॅप्सूलवर किती?" ते पत्रकात कुठेच नव्हते.

आजोबांना दोष का द्यावा? आम्हीही तेच करतो. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंध लागतात. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही निघतात.

आकडा काय सांगतो?

शास्त्रज्ञांसाठी 'एच-इंडेक्स' नावाचे एक माप आहे. एच-इंडेक्स वीस म्हणजे किमान वीस निबंध असे, की प्रत्येकाचा किमान वीस वेळा उल्लेख झाला. पण उल्लेख कौतुकाचा की टीकेचा, हे त्यात कळत नाही. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा एक निबंध आला. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध त्यात सुचवला होता. तो चुकीचा ठरला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. तो खोडून काढणाऱ्यांनीही त्याचा उल्लेख केलाच, आणि तेही मोजले गेले! त्या भीतीने आजही काही आईवडील लस टाळतात.

आता दुसरे उदाहरण पाहा

डॉ. नित्य आनंद (१९२५–२०२४) हे औषध-रसायनशास्त्रज्ञ. त्यांची पहिली पीएच.डी. मुंबईच्या यूडीसीटीची, दुसरी केंब्रिजची. १९५१ पासून ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत होते, १९७४ ते १९८४ संचालक. चारशेहून अधिक शोधनिबंध, शंभराहून अधिक पेटंट. पण हे आकडे तुमच्या काय कामाचे? त्यांच्या चमूने शोधलेले 'सेंटक्रोमन' मात्र कामाचे आहे. तीच 'सहेली' गोळी. सरकारी कुटुंब नियोजनात तिचे नाव 'छाया', आणि ती सरकारी केंद्रात मोफत मिळते.

तिच्यात स्टिरॉइड हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच घ्यायची. गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम होऊन गर्भ रुजत नाही. काहींची पाळी लांबते. यकृताचा आजार किंवा पीसीओडी असेल तर ती देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

रोजची गोळी विसरणारी, हार्मोनला घाबरणारी बाई माझ्याकडे येते तेव्हा मी विचारतो, "सहेली माहीत आहे?" बहुतेकींचे उत्तर "नाही". रसायन तयार करून, प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासून ही गोळी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. यामागे कित्येक वर्षांचे कष्ट आहेत, आणि ती आपल्याच देशात शोधली गेली. तरीही ती सांगायला आम्ही डॉक्टर कमी पडलो. ही उणीव कुठल्या इंडेक्समध्ये मोजणार?

शोधनिबंध निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. छापल्याशिवाय इतरांना चूक शोधता येत नाही. पण निबंध ही कामाची नोंद आहे, ते खुद्द काम नव्हे.

तुम्ही काय विचाराल?

पुढच्या वेळी कोणी शोधनिबंधांचा आकडा तोंडावर फेकला, तर तीन प्रश्न विचारा:

१. अभ्यास याच औषधावर, माझ्यासारख्या माणसांवर झाला का?
२. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तो तपासला का?
३. फायदा किती, त्रास काय?

आजोबांनी बाटलीवरचा नंबर लावून हेच विचारले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," एवढेच उत्तर मिळाले. बाटली परत गेली. गुडघ्याचे व्यायाम मी शिकवले आहेत. ते रोज करणे आता त्यांच्या हातात आहे.