पावती घेतली, आता बैठकीलाही बोलवा!

नाताळ जवळ आला की चर्चचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन आधी आपल्यातल्या दुकानदारांकडे येतात. शिलाईचं दुकान किंवा बेकरी चालवणारी ख्रिस्ती बाईही हौसेनं देते. पण जमाखर्चाच्या बैठकीला तिला कितीजण बोलावतात? तिनं देणगी द्यायची, केक पाठवायचे, संपलं!

बायबलमधली लुदिया आठवा. थुवतीरा नगरची, जांभळी वस्त्रं विकणारी. फिलिप्पै इथे पौलाचा उपदेश ऐकून तिनं घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला, त्याला आग्रहानं घरी उतरवलं. तुरुंगातून सुटल्यावर पौल गेला तोही तिच्याच घरी, बंधुजनांना भेटायला. प्रिस्किल्ला तर नवऱ्याबरोबर तंबू बनवायची आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला शिकवायचीही.

धंदा करणारीला उधारी कळते, माणसं सांभाळता येतात. चर्चचा हिशेब बघणं, मुलींना काम शिकवणं तिला जड नाही. मात्र मजुरांचे पैसे थकवून दानपेटी भरली, तर ते दान कसलं? याकोबाच्या पत्रात अशा धनवानांना चांगलंच खडसावलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, देणगी जरूर द्या. पण पावती घेताना विचारा, "बैठक कधी आहे? मलाही यायचंय!"