चष्म्याचं ओझं

आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाच्या ट्रेकला जायचं तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. नाव, वर्ग, रक्तगट, कसली ॲलर्जी, दमा आहे का, घरचा फोन नंबर. दोन वर्षांपूर्वी राजगड-तोरण्याला जाताना मी तो भरला, तेव्हा माझा रक्तगट मंडळाला कळला. माझ्या डोळ्यांचा नंबर वजा साडेपाच आहे हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते विचारायला हवं होतं आणि मी सांगायलाही हवं होतं, एवढंच म्हणायला हा लेख लिहितेय.

त्या वर्षी मंडळात ‘हलकी सॅक’ हे नवं वारं शिरलं होतं. कुणाचीही सॅक सहा किलोच्या वर जाता कामा नये. निघायच्या आदल्या दिवशी लीडर दादानं प्रत्येकाची सॅक काट्याच्या आकड्याला लटकवली. माझी थोडी जास्त भरली. मग सॅक उघडून एकेक वस्तू बाहेर. चष्म्याची कडक केस निघाली तशी एकीनं विचारलं, “ही पेटी कशाला गं घेतलीस? आजीबाईसारखी!” सगळे हसले. केसमध्ये माझा जुना चष्माही होता. “एक नाकावर आहे की, दुसरा कशाला?” दादा म्हणाला. मीही हसले आणि दोन्ही वस्तू हॉस्टेलच्या कपाटात ठेवून आले.

पुढे घरी गेल्यावर आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी त्या दोन्हींचं वजन केलं. केस ८२ ग्रॅम, जुना चष्मा २४ ग्रॅम. एकूण १०६. त्याच सॅकमध्ये अर्धा किलो कुंदा होता. बेळगावची माणसं आम्ही, त्याला कुणी हात लावला नाही!

राजगडावर पहिला मुक्काम पद्मावती माचीवरच्या देवळात होता. आम्ही सोळा जण, शिवाय दुसरे दोन गट. माणसाला माणूस चिकटून झोपलेला. मी चष्मा टोपीत गुंडाळून उशाशी ठेवला. रात्री कधीतरी एकजण बाहेर जायला उठली आणि अंधारात ‘कट्’ असा आवाज आला. उजेडात पाहिलं तर एक काडी सांध्यातून तुटलेली, फ्रेमला तडा गेलेला आणि डावी काच बाहेर पडलेली. ज्या मुलीचा पाय पडला ती रडायला लागली. तिचा काय दोष? देवळात झोपलेल्या माणसांतून वाट काढताना टोपीत चष्मा असेल असं कोण कशाला समजेल?

ज्यांना चष्मा नाही त्यांना इथं एक साधा हिशेब सांगते. लांबचं न दिसणाऱ्या माणसाचा जो नंबर असेल त्यानं १०० ला भागायचं. जे उत्तर येईल तितक्या सेंटीमीटरपर्यंतच त्याला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. नंबर एक असेल तर १०० सेंटीमीटर, दोन असेल तर ५०. माझा साडेपाच, म्हणजे जेमतेम १८ सेंटीमीटर. पुरती एक वीतसुद्धा नाही. उभं राहिल्यावर माझे स्वतःचे बूट माझ्यापासून दीड मीटर लांब असतात. म्हणजे डोंगर सोडाच, मला माझं पुढचं पाऊल कुठं पडतंय तेही दिसत नव्हतं. दगड आणि दगडाची सावली, दोन्ही सारखेच. निखळलेली काच हातात धरून डोळ्याला लावली की थोडं दिसायचं, पण मग एक हात अडकायचा, आणि डोंगरात हात मोकळे लागतात.

राजगडाहून तोरण्याला जायची वाट संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून पुढं डोंगराच्या धारेवरून जाते. दिवसभराची चाल, मध्ये घसारा, कातळटप्पे, दोन्ही बाजूंना उतार. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि सरळ सांगितलं, “तुला धारेवर नेणार नाही.” त्याचं बरोबर होतं. पण मला एकटीला खाली सोडणंही शक्य नव्हतं. म्हणून माझी मैत्रीण आणि दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा असे दोघं माझ्याबरोबर मागं फिरले. बाकीचे तेरा तोरण्याकडं गेले.

आम्ही पाली दरवाजाच्या वाटेनं उतरलो, कारण ती रुंद आणि पायऱ्यांची. मैत्रीण एक पायरी पुढं, मी तिच्या सॅकचा पट्टा धरून मागं, आणि तो मुलगा माझ्या मागं. “पायरी. मोठी पायरी. आता सपाट. दगड हलतोय, थांब.” पूर्ण उतारभर ती हेच बोलत होती. जी वाट एरवी तासाभरात संपली असती तिला आम्हाला अडीच तास लागले. मध्ये बसलो तेव्हा तिनं सुचवलं, “मोबाईलचा कॅमेरा चालू करून स्क्रीन डोळ्याजवळ धर की.” धरला, आणि दिसलं! लांबचं जे असेल ते कॅमेरा बघतो, आपल्याला फक्त हातातली स्क्रीन बघायची असते. ही युक्ती चष्मा फुटलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. त्या स्क्रीनवर मी तोरणा पाहिला. तोरणा सुमारे १४०० मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. माझी मैत्रीण त्याच्यासाठी महिनाभर रोज सकाळी हॉस्टेलचे चार मजले चढून-उतरून सराव करत होती. ती शेजारी बसून शांतपणे कुंदा खात होती. तिनं मला एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

नसरापूर फाट्यावर बेळगावच्या गाडीची वाट बघत उभे होतो तेव्हा येणाऱ्या प्रत्येक गाडीचा बोर्ड मला सारखाच दिसत होता. मराठी काय नि कन्नड काय! सीमाभागातला सगळा वाद माझ्यापुरता त्या दिवशी मिटला होता.

आता मुद्द्याचं. हलकी सॅक ही कल्पना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ओझं कमी असलं की गुडघे वाचतात, दम टिकतो, आजूबाजूला बघायला होतं. पण आमच्या काट्यानं प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला, ‘तुझं वजन किती?’ दुसरा प्रश्न विचारलाच नाही, ‘तू हरवलीस किंवा फुटलीस तर काय होईल?’ कुंदा हरवला असता तर तोंड गोड झालं नसतं, बस्स. चष्मा फुटला तर तीन माणसांचा तोरणा गेला. मी माझ्या पाठीवरचे १०६ ग्रॅम वाचवले आणि त्या बदल्यात स्वतःच दोघांचं ओझं झाले. नाकापेक्षा मोती जड नसावा हे खरं, पण चष्मा हा मोती नाही. तो आम्हा चष्मेवाल्यांचा डोळाच आहे. सामान कमी करायला बसल्यावर डोळा कुणी बाहेर काढून ठेवतं का?

मग मी तो का काढून ठेवला? खरं सांगायचं तर वजनासाठी नाही, लाजेपोटी. चष्मा असणं ही आपल्याकडं अजून थोडी कमीपणाची गोष्ट आहे. शाळेत ‘ढापणी’, ‘चार डोळे’. लग्नाच्या फोटोत काकू-मावशी हळूच सांगणार, “चष्मा काढ गं जरा.” अशा वातावरणात वाढलेली मुलगी सगळ्यांदेखत उभी राहून ‘माझा नंबर साडेपाच आहे, मला दुसरा चष्मा लागतो’ असं कशी म्हणेल? त्यापेक्षा हसून पेटी कपाटात ठेवणं सोपं. दम्याचा पंप सोबत ठेवणाऱ्याला आपण हसत नाही. मग चष्म्याच्या केसला का हसतो?

कुणी म्हणेल, कॉन्टॅक्ट लेन्स लाव की. डोंगरात ते सोपं नाही. मातीचे हात, मोजकं पाणी, आणि लेन्स साध्या पाण्यानं धुणं डोळ्यांना धोक्याचं. टाक्याचं पाणी तर नाहीच नाही. शिवाय रात्री लेन्स काढल्यावर पुन्हा चष्मा लागतोच.

आणि काळजी घ्यायला फार वजन लागत नाही, हे मला नंतर कळलं. कडक केस न्यायचीच नसेल तर सॅकमध्ये आधीच असलेली कडक वस्तू वापरा. चपात्या संपल्या की रिकामा होणारा चौकोनी डबा ही उत्तम केस आहे. चष्मा रुमालात गुंडाळून त्यात ठेवायचा, डबा सॅकमध्ये वरच्या बाजूला आणि सॅक भिंतीशी. टोपी, बूट, उशी या जागा चष्म्याच्या नव्हेत. चालताना मानेमागून दोरी बांधावी. कारवीच्या रानात पुढच्यानं सोडलेली फांदी सपकन तोंडावर येते आणि चष्मा उडतो. ओढा ओलांडताना चष्मा पाण्यात पडला तर शोधायचा कसा? शोधायलाच तर चष्मा लागतो!

जुना चष्मा फेकू नका. नंबर थोडा कमी असला तरी चालतो. माझा जुना साडेचारचा. तो घातला तर एकच नंबर कमी पडतो, म्हणजे मीटरभर स्पष्ट आणि पुढचं थोडं पुसट. एवढ्यावर माणूस सावकाश का होईना, डोंगर उतरतो. सोबत बोटभर चिकटपट्टी आणि एक बारीक सेफ्टी पिन असावी. स्क्रू पडला तर पिन सांध्यात अडकवून काडी टिकते. नंबराचा कागद पाकिटात ठेवावा. काच शर्टानं कोरडी पुसू नये, धुळीतले कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी घोटभर पाणी ओतावं, मग पुसावी. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीट नावाचं रसायन असतं, ती लावलेले हात चष्म्याला लावू नयेत. त्यानं प्लॅस्टिक खराब होतं.

हे सगळं गॉगललाही लागू आहे. गेल्या वर्षी आमच्यातले काहीजण उत्तराखंडात केदारकंठ्याला गेले होते. तिथं बर्फ असतो, आणि ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. उघड्या डोळ्यांनी दिवसभर चाललं की काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं, डोळे उघडवत नाहीत. तिथं गॉगल फोटोपुरता नसतो. एकाचा गॉगल शर्टाच्या गळ्यात अडकवलेला होता, तो वाकल्यावर निसटला आणि उतारावरून गेला. पुठ्ठ्याला आडवी बारीक चीर पाडून ती पट्टी त्यानं डोळ्यांवर बांधली आणि दिवस काढला. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक पूर्वीपासून हाडाचे, लाकडाचे असेच चीर असलेले चष्मे करत आले आहेत. गॉगल घेताना काच किती काळी ते बघू नका, यूव्ही ४०० लिहिलंय का ते बघा. काळ्या काचेआड बुबुळातली बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवणारी नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. ज्यांना नंबर आहे त्यांनी चष्म्यावर अडकवायची काळी काच घ्यावी. स्वस्त पडते.

परत आल्यावर मी निसर्ग मंडळाच्या फादरांकडं गेले आणि सॉरी म्हटलं. त्यांनी मला पौलाच्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचायला सांगितला. त्यात एकमेकांची ओझी वाहण्याबद्दल आहे, आणि दोन-तीन ओळींतच ज्याचा भार त्यानं वाहण्याबद्दलही आहे. मी विचारलं, “फादर, यातलं खरं कोणतं?” ते म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीनं पहिलं केलं. दुसरं तुझ्याकडं राहिलंय.”

ते दुसरं मी माझ्या परीनं करतेय. मंडळाच्या नव्या समितीला माझी एकच विनंती आहे. फॉर्मवर रक्तगटाच्या खाली तीन ओळी वाढवा. चष्मा आहे का? नंबर किती? केस आणि दुसरा चष्मा सोबत घेतला का? काट्यावर सॅक जड झाली तर या दोन वस्तू सोडून बाकी काहीही बाहेर काढा. हवं तर कुंदासुद्धा.

या डिसेंबरात मैत्रीण आणि मी पुन्हा तोरण्याला जाणार आहोत. ती आत्तापासून पायऱ्या चढायला लागलीय. मी माझी पेटी आत्ताच सॅकमध्ये टाकून ठेवलीय. यंदा कुणी हसलं तर हसू दे.