दुसरी गाडी जरूर घ्या, पण पुन्हा शिकाऊ होऊन

गेल्या पंधरवड्यात एका गावी हरभऱ्यावरील घाटे अळीची बैठक होती. कामगंध सापळे कसे लावायचे, एकरी किती लावायचे, फवारणी केव्हा घ्यायची हे सगळे सांगून झाले. "काही शंका?" असे विचारल्यावर मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला. मला वाटले औषधाचे प्रमाण विचारील. तो म्हणाला, "साहेब, स्प्लेंडर काढून मोठी गाडी घ्यावी म्हणतोय, साडेतीनशे सीसीची. तुम्ही पण मागच्या साली गाडी बदललीय. घेऊ का?"

बैठक हसली, मीही हसलो. पण परत येताना विचार केला, यात हसण्यासारखे काय होते? साडेतीनशे सीसीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या आसपास जाते. एकरी चाळीस टन ऊस आणि टनाला तीन हजार धरले, तर दीड एकराहून जास्त उसाचे अख्खे बिल झाले, तेही खर्च वजा न करता. दोन पोती खताला माणूस आम्हाला चार वेळा विचारतो. मग एवढ्या मोठ्या खरेदीला विचारले तर त्याचे उत्तर द्यायला हवे. ते आज येथे देतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत पहिली गाडी आली ती गरजेपोटी. आधी लुना आली, एम-८० आली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० निघाली आणि १९९४ ला स्प्लेंडर. कमी पेट्रोल पिणारी, गावातल्या मेस्त्रीला उघडता येणारी, बांधावरून ढकलत नेता येणारी ही गाडी शेतकऱ्याच्या घरातली माणसासारखी झाली. दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप, बाळंतीण लेक असे काय काय तिने वाहिले नाही! तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि आम्ही कृषी खात्याची माणसे यांचे तर निम्मे ऑफिस गाडीवरच चालते.

आता पोरांना दुसरी आणि मोठी गाडी हवी आहे. त्यात वाईट काही नाही. दोघे बसून हायवेने चाळीस-पन्नास किलोमीटर रोज जायचे असेल तर शंभर सीसीची गाडी दमते, ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो. मोठी गाडी वाऱ्याने हलत नाही, खड्ड्यात कमी आपटते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत, जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर मात्र तो ४० टक्के झाला. त्यामुळे साडेतीनशेपर्यंतची हौस स्वस्त झाली हे खरे. आणि हौसेला मोल नसते, हेही मला मान्य आहे.

परंतु आपण मोटार घेताना काय सांगतो? विहिरीला तीन एचपीचे पाणी असताना साडेसातची मोटार बसवली तर पाणी वाढत नाही, विहीर तेवढी लवकर कोरडी पडते आणि मोटार जळते. एचपी विहीर बघून ठरवायची असते, शेजाऱ्याची मोटार बघून नव्हे. गाडीचेही तसेच आहे. आधी रस्ता बघा, काम बघा, मग सीसी बघा. घर ते रान, रान ते डेअरी, आठवड्याला एक बाजार एवढाच फेरा असेल तर मोठी गाडी तुमचे एकही काम जास्त करणार नाही. उलट दुधाचे कॅन तिला नीट अडकत नाहीत, आणि चारीच्या अरुंद वाटेवर ती वळवताना दोन माणसे लागतात.

आता पैशाचे. रोजचे चाळीस किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरा, हजार किलोमीटर झाले. लिटरला साठ जाणाऱ्या गाडीला सतरा लिटर पेट्रोल लागते, पस्तीस जाणारीला साडेअठ्ठावीस. बारा लिटरचा फरक, म्हणजे महिन्याला बाराशे आणि वर्षाला चौदा हजारांच्या पुढे. टायर, चेन, सर्व्हिसिंग वेगळे. विम्याचेही टप्पे आहेत. २०२२ साली ठरलेल्या दरांत १५० सीसीच्या पुढे गेले की थर्ड पार्टीचा हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही, आपणही विचारत नाही.

त्यात सगळ्यांत फसवा असतो तो 'फ्लॅट' व्याजदर. लाख रुपये, तीन वर्षे, दहा टक्के फ्लॅट. ऐकायला सोसायटीच्या कर्जासारखे वाटते. पण त्यात पूर्ण लाखावर तिन्ही वर्षे व्याज लागते, तुम्ही निम्मे मुद्दल फेडले तरीही. तीस हजार व्याज झाले आणि हप्ता बसला ३,६११ रुपयांचा. तेच घटत्या शिलकेवर मांडले तर दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. तेव्हा सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा, "घटत्या शिलकेवर किती टक्के?"

आणि हप्ता असतो महिन्याचा, उत्पन्न असते हंगामाचे. उसाचे बिल तोडीनंतर चौदा दिवसांत द्यावे असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण बिलाची वाट बघत बसलेला शेतकरी मी दर हंगामात पाहतो. मग गाडीचा हप्ता दुधाच्या बिलातून जातो, म्हणजे पेंडीचे पैसे कमी पडतात आणि दूधही कमी होते. त्याहून वाईट म्हणजे डाऊन पेमेंटला पीककर्ज वापरणे. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत आहे. थकला की ती गेली, आणि पुढच्या हंगामात बँकेच्या दारातली किंमतही गेली. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दुसरी गाडी निदान निम्म्याहून जास्त रोखीने घ्यावी, आणि ती रोख बी-खताची नसावी.

पण मला पैशापेक्षा मोठे वाटते ते पुढचेच. पहिली गाडी घेतली तेव्हा आपण शिकाऊ होतो. चुलता मागे धरून पळत होता, मैदानात दहा वेळा पडलो, पडलो तरी वेग नव्हता. दुसऱ्या गाडीला कोणी शिकत नाही. "दहा वर्षे चालवतोय की!" म्हणून शोरूममधून थेट रस्त्यावर. घात तिथेच होतो.

माझेच सांगतो. अकरा वर्षे शंभर सीसीची गाडी चालवली. तिचे गियर सगळे पुढे दाबून पडतात, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. स्प्लेंडर ज्यांनी चालवली त्यांना हे माहीत आहे. मागच्या साली घेतली ती दीडशे सीसीची. बहुतेक मोठ्या गाड्यांप्रमाणे तिचा पहिला गियर खाली आणि बाकीचे वर. शोरूममध्ये सांगितले होते, डोक्याला समजलेही होते. पाचव्या दिवशी सकाळी कॅनॉलच्या रस्त्याने निघालो होतो. दव पडलेले, त्यात ट्रॉलीच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर आणून टाकलेली. गाडी तिसऱ्यात, वेग पन्नासच्या आसपास. चौथा टाकायचा म्हणून पाय आपोआप पुढे दाबला गेला आणि पडला दुसरा. क्लच सोडताच मागचे चाक ओढले गेले, गाडी आडवी झाली आणि मी चारीत. खांद्याजवळचे हाड मोडले, दीड महिना हात गळ्यात. ऐन रब्बीच्या भेटी दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून केल्या. दोष गाडीचा नव्हता आणि रस्त्याचाही म्हणणार नाही. गाडी नवी होती, पाय जुन्या गाडीचा होता. हेल्मेट होते म्हणून हे लिहायला आहे.

वजनाचाही विचार करा. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, साडेतीनशेची गाडी दोनशेच्या जवळ. उभी गाडी एका बाजूला कलली की शंभराची पायाने सावरता येते, दोनशेची सावरता येत नाही. पाय खाली अडकतो. दुकानात गाडीवर बसून दोन्ही पाय टेकतात का, बंद गाडी मागे ढकलता येते का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग येतो वेग. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. कोरड्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी दहा-अकरा मीटरवर थांबत असेल, तर ऐंशीला तिला चाळीस मीटरहून जास्त लागतात. त्याआधी डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत वीस-बावीस मीटर गेलेलेच असतात. आता हंगामातली रात्र डोळ्यांसमोर आणा. पुढे उसाची ट्रॉली, तिला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मागे बाहेर आलेली उसाची टोके. ती दिसते चाळीस मीटरवर आल्यावर. लहान गाडीवर तुम्ही ऐंशीने नसताच, कारण ती तेवढी पळताना कुरकुरते. मोठी गाडी ऐंशीला गप्प असते. वेग कळतच नाही.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचे प्रस्ताव आमच्याच कार्यालयात येतात. सातबारा, एफआयआर, पोस्टमॉर्टेमचा कागद, वारसाचे आधारकार्ड हे सगळे आम्हीच तपासतो. मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. त्या कागदांवर अंगठा देणारी आई समोर बसलेली असते, आणि दोन लाख म्हणजे साधारण त्या गाडीचीच किंमत. याहून जास्त काय लिहू?

तेव्हा घेऊ का नको? काम असेल आणि पैसा मोकळा असेल तर जरूर घ्या. घेतल्यावर मात्र महिनाभर शिकाऊ व्हा. आपण नवा खोंड जुवाला एकटा लावत नाही, जुन्या बैलाच्या जोडीला धरतो, आधी रिकामा चालवतो, मग ओझे देतो. तोच नियम इथे लावा. पहिले आठ दिवस रिकाम्या मैदानात किंवा आडरस्त्यावर, दिवसा, एकट्याने. गियर पायात बसेपर्यंत जुन्या गाडीला हात लावू नका, दोन्ही आलटूनपालटून चालवली की पाय गोंधळतो. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, पण चिखलात आणि वळणावर तो हळूच दाबायचा हे हाताला शिकवा. काही गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते हेही माहीत असू द्या. पहिला महिना मागे बायको-पोर नको, रात्र नको, हायवे नको. हेल्मेट आयएसआय मार्कचे आणि दोघांनाही. आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात चावी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आम्हा गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनाही दोन शब्द. आपण मोठ्या गाडीवरून, डोक्याला काही न घालता गावात शिरलो की पोरे तेच उचलतात. बैठकीतल्या त्या पोराने माझी गाडी बघूनच प्रश्न विचारला होता. ग्रामपंचायतीने हंगामापुरते एवढे केले तरी पुष्कळ आहे, गावातून जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावून घ्यावी, आणि रस्त्यावर आलेली माती ज्याच्या रानातली त्याने त्याच दिवशी ओढून टाकावी. खर्च काही नाही, थोडी वाईटपणाची तयारी हवी.

पुढच्या महिन्यात त्याच गावी पुन्हा बैठक आहे. तो पोरगा नव्या गाडीवर येतो की जुन्या, हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावे. हेल्मेट घालून यावे एवढीच अपेक्षा. आणि सापळ्यात किती पतंग सापडले, तेही सांगावे.