शॉकअप आखूड करण्याआधी टेप हातात घ्या

आज केळी नाही, चाफा नाही, आज मोटारसायकल. "शेतीच्या पानावर गाडी कशाला?" असं कुणी म्हणेल. पण आमच्या निर्मळच्या वाडीतून निघालेला माल पहिले काही किलोमीटर गाडीच्याच पाठीवर जातो. चाफ्याच्या करंड्या, अळूच्या जुड्या, कधी केळीचे दोन लोंगर. पुढे नालासोपारा स्टेशन, तिथून लोकलने दादर. गाडी पडली की त्या दिवसाचा बाजार पडला.

झालं असं. माझा गुडघा दुखायला लागल्यापासून पहाटेचा माल मुलगी नेते. तिची उंची ४ फूट ११ इंच. गाडी घरातली जुनी स्प्लेंडर, सीटची उंची ७८५ मिलिमीटर. रिकाम्या गाडीवर तिचे चवडे कसेबसे टेकतात. मागे माल बांधला आणि पायाखाली खड्डा आला की संपलं. जुलैत एका पहाटे वळणावर थांबताना पाय पाण्याखालच्या खड्ड्यात गेला. गाडी आडवी, फुलं चिखलात. तिला खरचटण्यावर निभावलं, पण ती घाबरली.

भाचा हुशार. त्याने मोबाइलवरून दीड इंच आखूड शॉकअपची जोडी मागवली आणि रविवारी अंगणातच बसवली. तासाभराचं काम. पोरीचे पाय जमिनीला टेकले, सगळे खूश. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या आठवड्यात स्पीडब्रेकरवर मागून घासल्याचा आवाज यायला लागला. साइड स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहायची, ती एकदा माल बांधतानाच पलीकडे कलंडली. डबल स्टँडवर घ्यायला दोन माणसं लागायला लागली. पहाटे दिव्याचा उजेड रस्त्यावर कमी आणि नारळाच्या शेंड्यांवर जास्त.

मग मी टेप घेऊन बसलो. आधी बसायला हवं होतं. जुने शॉकअप परत लावून टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजलं. रिकाम्या गाडीत १०० मिलिमीटर. माणूस आणि पूर्ण माल चढल्यावर ४५. म्हणजे वजनानेच गाडी ५५ मिलिमीटर बसते. आता दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. शॉकअपचा खालचा बोल्ट चाकाच्या आसाच्या थोडा पुढे असतो, त्यामुळे चाक त्याहून जरा जास्त, ४० च्या आसपास वर येतं. ४५ मधून ४० गेले, उरले ५. पाच मिलिमीटरमध्ये कुठला खड्डा मावणार? आणि आपल्या रस्त्यांचे पावसाळ्यातले खड्डे तुम्हाला ठाऊकच आहेत.

हा हिशोब रिकाम्या गाडीवर दिसत नाही. शहरातल्या पोराने शोसाठी गाडी बसकी केली तर तो एकटा फिरतो. आपल्या गाडीवर ओझं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: माल वाहणाऱ्या गाडीचे मागचे शॉकअप आखूड करू नयेत.

घरी काम करायला माझा विरोध नाही. पंपाचा वॉशर आपण बदलतो, फवारणी यंत्र उघडतो, तर शॉकअप का नाही? झिजलेले शॉकअप कंपनीच्या मापाचेच घेऊन घरी जरूर बदला. गाडी डबल स्टँडवर, सपाट जमिनीवर. चाकाखाली लाकडी ठोकळा, म्हणजे बोल्ट काढल्यावर चाक खाली लोंबकळणार नाही. दोन्ही शॉकअप एकदमच नवे आणि सारखे. एक लांब, एक आखूड ठेवून गाडी हलवूसुद्धा नका, मागचा चिमटा पिळला जातो. बुश आणि वायसर होते त्याच जागी. शेवटी माल चढवून चेनचा ढील तपासा. वजनाने चिमटा खाली-वर झाला की ढील बदलतो, आणि ताणलेली चेन बेअरिंग खाते.

दोन गोष्टी मात्र घरी नकोच. एक, शॉकअप खोलून स्प्रिंग काढणं. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर तोंड फोडते. दोन, स्प्रिंग कापणं. कापलेलं टोक वाटीत सपाट बसत नाही, शिवाय कमी वेढ्यांची स्प्रिंग आणखी कडक होते.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शॉकअप त्यात येतो की नाही हा वाद अपघातानंतर विमेवाल्याशी घालत बसण्यात काय अर्थ?

आता खरा प्रश्न. मी जुने शॉकअप परत चढवले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी तुमच्यासाठी बरोबर झाली. माझ्यासाठी पुन्हा उंचच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक भाच्याच्या हाताची नव्हती. गरज खरी होती, उपाय चुकीच्या जागी केला होता.

मग सीटवाल्याकडे गेलो. कुशन दीड इंच कमी केलं आणि पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता केला. सीट अरुंद झाली की पाय सरळ खाली जातात, नुसत्या उंचीपेक्षा त्याचा फरक जास्त पडतो. शॉकअपची खाच ओझ्याच्या हिशोबाने वरच्या नंबरवर घेतली. करंड्या एकावर एक रचायच्या बंद करून दोन बाजूंना खाली बांधायला लागलो. तिला जाड तळव्याचे बूट आणले. मोठे लोंगर आता टेम्पोने जातात. त्यात पैसे जातात, खरंय. पण पूर्ण टाच अजूनही टेकत नाही, आणि लोंगर लादून तिला पाठवणं मला पटत नाही.

कृषी क्षेत्रातली जाणकार मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक सांगणं. भुवनेश्वरला शेतकरी महिलांसाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, बायकांना झेपतील अशा अवजारांवर तिथे काम होतं. विळा, कोळपं यांचा विचार होतो हे चांगलंच. पण आज वाडीतलं रोजचं अवजार दुचाकी आहे, आणि ती अजून पुरुषाच्या मापाची आहे. शिवारफेरीत, प्रशिक्षणात अर्धा तास यावरही बोला: ओझं कसं बांधायचं, किती बांधायचं, कमी उंचीच्या माणसाने गाडी कशी निवडायची.

आणि शेतकरी भावांनो, घरातली बाई किंवा पोरगी माल नेत असेल तर आज संध्याकाळी तिला भरल्या गाडीवर बसवा आणि पाय कुठे टेकतात ते बघा. आम्ही ते गाडी पडल्यावर बघितलं.