तांदळातलं नाव

नवी नवरी माप ओलांडून घरात येते. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहितो. बायका वाकून वाचतात, कुणीतरी ते मोठ्याने सांगतं, पेढे वाटले जातात. वीस-पंचवीस वर्षं शाळेच्या हजेरीत, गुणपत्रिकेवर आणि मैत्रिणींच्या तोंडी असलेलं नाव तेवढ्या वेळात मागे पडतं. नाव बदललंच नाही तरी मधलं नाव आणि आडनाव बहुधा बदलतंच. ‘तुला कोणतं नाव हवं?’ हे तिला अनेक घरांत आजही कुणी विचारत नाही.

ओळख ही ज्याची त्याची, असं सगळेच धरून चालतात. पण तिची पहिली खूण दुसऱ्यांनी दिलेली असते आणि ती वापरतातही दुसरेच. स्वतःला हाक कोण मारतं? हाक मारतात घरचे, शेजारचे, गुरुजी, साहेब. त्यामुळे एखाद्या माणसाची गावाला किती किंमत आहे, हे त्याच्या नावावरून कळतं.

मुलं जगत नसत त्या काळात घरोघरी धोंडू, दगडू, कचरू असत. दृष्ट लागू नये, यमालाही लेकरू नकोसं वाटावं, म्हणून ठेवलेली ही नावं. त्यामागे आईचा जीव टांगणीला लागलेला असे. पण सगळीच ओबडधोबड नावं मायेतून आली नाहीत. शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे. दया पवारांच्या १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. माणूस एकच, पण समाजाने त्याला एका नावाने वाढवलं आणि दुसऱ्या नावाने मान दिला. ही दोन नावं एका देहात वागवण्याची किंमत त्याने एकट्याने मोजली.

मुलींच्या बाबतीत तर नावातच निकाल सांगून टाकलेला असे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव ‘नकुशी’ ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. वर्गात हजेरी घेताना बाई रोज ‘नकुशी’ म्हणणार आणि ती ‘हजर’ म्हणून उभी राहणार. आपण नको होतो, याची कबुलीच ती मुलगी दररोज चारचौघांत देत असे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचं समारंभपूर्वक नव्याने नामकरण केलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नकुशी हे नाव आणि हा घसरता आकडा एकाच मनोवृत्तीतून आले आहेत.

नाव बदलणं म्हणजे अन्यायच, असंही नाही. कल्याणच्या यमुनेचं लग्नानंतर आनंदी झालं. १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन तिने इतिहास घडवला. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली आणि पुढे सेवासदनचा आधारस्तंभ ठरली. दोघींनी मिळालेली नावं मोठी केली. तरीही दोघींच्या आयुष्यातली यमुना कुठे गेली, हा प्रश्न उरतोच. त्या लहान मुली होत्या, त्यांना विचारण्याची रीत नव्हती. आजची नवरी पदवीधर आहे, नोकरी करते. तिला न विचारण्याला कोणती सबब आहे? लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. तरी पदवी एका नावाची आणि आधार कार्ड दुसऱ्या नावाचं, म्हणून प्रतिज्ञापत्र, राजपत्र, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन खिडक्यांपुढे तीच उभी राहते. नवऱ्याला कधी एक कागद बदलावा लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. काहींना ही नवलाई वाटली. पण गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे राजे आपल्याच मातीतले. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आजही दगडावर आहे. त्या राजांना आईच्या नावाने ओळखलं जाण्यात काही कमीपणा वाटला नाही.

निर्णय स्वागतार्हच आहे, पण अर्धा. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव ही जुनी पद्धत त्यात तशीच ठेवली आहे. लेकराच्या नावात आई आली, पण आईच्या स्वतःच्या नावात तिची आई नाही. हे बदलायला हवं. माहेरचं नाव ठेवणाऱ्या बाईला कोणत्याही खिडकीवर खुलासा द्यावा लागू नये. आणि अंगठी तांदळावर टेकण्याआधी तिला विचारलं जावं.

सरकारचं काम इथे संपतं आणि गावाचं सुरू होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं हटवून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचं ठरवलं. कागदावर ते सोपं असतं. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना जुनंच नाव तोंडी आलं, तर तिथल्या पोराला नवी पाटी असून नसल्यासारखीच. साताऱ्यातल्या त्या मुलींचंही तेच आहे. प्रमाणपत्र मिळालं, हजेरीपटावर नवं नाव चढलं. पण संध्याकाळी उंबऱ्यातून आजी कोणत्या नावाने हाक मारते, यावरच ती मुलगी कोण ते ठरतं.

१ मे २०२४ नंतर जन्मलेली पहिली मुलं जून २०३० मध्ये पहिलीच्या वर्गात बसतील. तेव्हा बाई हजेरी घेताना आईचं नाव पूर्ण वाचतील, की घाईघाईत गाळून थेट वडिलांच्या नावावर येतील? वर्गातली चाळीस पोरं ते ऐकत असतील.