गणवेशाची शिलाई कोण भरते?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. नव्या वह्यांचा वास, चिखलाने भरलेली पायताणे, आणि जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत निघालेल्या लाखो मुलांच्या अंगावर सरकारने दिलेला गणवेश! तो वेळेवर आला का, मापाचा आला का, पहिल्याच धुण्यात विटला का, याची चर्चा दर वर्षी होते आणि ती व्हायलाच हवी. पण हा गणवेश शिवला कोणी, आणि त्या हातांवर मजुरी म्हणून काय पडले, हे विचारायचे मात्र आपल्यापैकी फारसे कोणाला सुचत नाही.

समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी एका मुलामागे वर्षाला ६०० रुपये धरलेले आहेत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्र सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण राबवले. कापड राज्य पातळीवर एकत्र घ्यायचे, आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ‘माविम’च्या बचत गटांतील बायकांकडून करून घ्यायची, अशी ही योजना. स्काउट-गाइडच्या धर्तीच्या दुसऱ्या गणवेशाचे कापड शाळांकडे देऊन त्याच्या शिलाईसाठी नगामागे ११० रुपये ठरले. पुढे काय झाले हे पालकांना ठाऊक आहे. गणवेश उशिरा आले, मापे चुकली, ओरड झाली, आणि वर्ष संपण्यापूर्वीच खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले.

या गदारोळात वाद रंगला तो खरेदी मुंबईतून व्हावी की गावातून, यावर. ११० रुपयांवर फार थोडे बोलले गेले. या रकमेत बेतणे आले, शिवणे आले, काज-बटण आले, दोरा आला, मशीनची वीज आणि दुरुस्तीही आली. ज्यांनी अलीकडे शिंप्याकडे शर्ट-पँट शिवायला टाकली असेल, त्यांना या आकड्यावर वेगळे भाष्य करून सांगायला नको. बचत गटातल्या बाईला रोजगार दिला, हे सरकारने अभिमानाने सांगावे. पण त्या रोजगाराचा रोज किती पडला, हेही त्याच दमात सांगावे.

हा केवळ एका योजनेचा दोष नाही. पोलिसांचा गणवेश असो, रुग्णालयातल्या चादरी असोत की वसतिगृहातले टॉवेल, सरकारी कापडखरेदीची रीत सर्वसाधारणपणे एकच असते. निविदा काढायची, नमुना तपासायचा, आणि अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यायचे. कागदावर ही रीत स्वच्छ दिसते. जनतेचा पैसा वाचतो, वशिल्याला वाव राहत नाही. पण हा कमी दर येतो कुठून? सुताचा भाव बाजार ठरवतो, तो कंत्राटदारासाठी खाली येत नाही. बटणे, दोरा, वाहतूक यांचे दरही जवळपास ठरलेले. स्वतःचा नफा तर तो सोडणार नाहीच. उरते एकच गोष्ट, जी दाबली तर दबते, आणि ती म्हणजे मजुरी. कमी दराची स्पर्धा कापडाची आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती कारागिराच्या पोटाची असते.

निविदेत एक कलम असते खरे. कंत्राटदाराने सर्व कामगार कायद्यांचे पालन करावे, असे त्यात लिहिलेले असते. पण काम कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, आणि तिथून गठ्ठे बांधून वस्तीतल्या घराघरांत जाते. तिथे नगावर मजुरी. हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विम्याचे कार्ड नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा विणकरही नगावर, म्हणजे विणलेल्या मीटरवरच जगतो. ते कलम मोडले की पाळले, हे पाहायला साहेब या गल्लीपर्यंत येणार कधी? आणि आला, तरी ज्या दरात कायदा पाळणे शक्यच नाही तो दर मंजूर केला कोणी?

इथे सरकारची अडचण नैतिक आहे आणि कायद्याचीही आहे. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली सरकारनेच केला. आता त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिताही सरकारचीच. दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी स्टेडियम आणि पूल उभे राहत होते, तेव्हा मजुरांच्या ९ रुपये २५ पैसे रोजातला एक रुपया जमादार कापून घेत. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने त्याच वर्षी निकाल दिला : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारी, आणि काम कंत्राटदारामार्फत दिले म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. तो निकाल विटा वाहणाऱ्यांसाठी होता. सुई चालवणाऱ्यांना तो लागू नाही, असे कोण म्हणेल?

जगात हा विचार जुना आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १८९१ साली ठराव केला की, सरकारी कंत्राटदाराने त्या धंद्यातली रास्त मजुरी दिलीच पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ साली सरकारी कंत्राटांतील कामगार-अटींचा ९४ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसने २००४ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २००५ मध्ये पिळवणुकीतून तयार झालेला माल पालिकेने घेऊ नये, असे नियम केले. ब्रिटनने आपला जुना ठराव पुढे १९८० च्या दशकात रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. अशा गोष्टी एकदा मिळवल्या की कायमच्या राहतात असे नाही.

यावर हिशेबी माणूस म्हणेल, मजुरी वाढवली तर पैसा आपल्याच खिशातून जाणार. जाईल, पण किती? गणवेशामागे वीस रुपये मजुरी वाढली असे समजा. दोन गणवेशांचे चाळीस, म्हणजे लाख मुलांमागे वर्षाला चाळीस लाख रुपये. ही रक्कम फुकटची नाही. पण ती वाचते तेव्हा नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी घरातल्या दुधातून, औषधातून, मुलीच्या शिक्षणातून कापली जाते. त्याच मुलीला आपण मग मोफत गणवेश देतो.

शिवाय खरेदी फक्त भावावर करायची, असे सरकारचे व्रत कधीच नव्हते. हातमाग आणि खादीला सरकारी खरेदीत राखीव स्थान दिले गेले. महाराष्ट्राच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी देण्याची योजना आली, ती यंत्रमागाला काम मिळावे म्हणूनही. सूत कोणत्या चरख्यावर कातले हे जर सरकार विचारू शकते, तर कातणाऱ्याला काय मिळाले हे विचारायला अडचण कसली?

करायचे ते फार अवघड नाही. निविदेतून मजुरीचा भाग वेगळा काढावा. एक नग शिवायला लागणारा वेळ मोजून, किमान वेतनाच्या हिशेबाने शिलाईचा दर सरकारनेच छापावा. स्पर्धा उरलेल्या खर्चावर होऊ द्यावी. काम कोणाकोणाकडे वाटले त्यांची यादी कंत्राटदाराकडून घ्यावी आणि ती शाळेच्या फलकावर लावावी. मजुरी शिवणाऱ्याच्या बँक खात्यात जावी. मागणी मे महिन्यात नव्हे, दिवाळीनंतर नोंदवावी, म्हणजे रात्री जागून शिवायची पाळी येणार नाही. आणि सरकारने स्वतःची बिले वेळेवर चुकवावीत. लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. बिल रखडले की सर्वांत आधी मजुरी रखडते.

शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सदस्य पालक असतात. अधिकार आता त्यांच्याकडे आहेत, म्हणजे आपल्याकडे आहेत. येत्या खेपेला गणवेशाचे कापड चुरगाळून पाहताना, दुकानदाराला एवढे जरूर विचारावे : हे शिवणाऱ्या बाईला नगामागे तुम्ही किती देता? उत्तर द्यायला तो घुटमळला, तर तो कमी दर कुठून आला हे कळायला वेळ लागणार नाही.