एन्झाइम घडवण्याची सोय लहान कारखान्यांच्या आवाक्यात आणा

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
प्रत माहितीसाठी : जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लहान रसायन व औषधद्रव्य उत्पादकांसाठी सामाईक एन्झाइम-चाळणी केंद्र आणि संबंधित मागण्या

महोदय,

तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतले आम्ही लहान उत्पादक. पेटंट संपलेली औषधद्रव्ये आणि त्यांची इंटरमीडिएट्स बनवणे हा आमचा धंदा. रेणू सगळ्यांकडे तोच असतो. तो कोण किती कमी सॉल्व्हंटमध्ये, किती कमी धातू वापरून बनवतो, यावर आता भाव ठरतो.

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनचे उदाहरण पाहा. आधीच्या पद्धतीत ऱ्होडियम आणि दाबाखालचा हायड्रोजन लागे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी त्या जागी एन्झाइम आणले आणि २०१० मध्ये ते काम प्रसिद्ध केले. सुरुवातीला घेतलेल्या ट्रान्सअमिनेज या एन्झाइमला हा रेणू मुळात पेलतच नव्हता. जनुकात बदल करायचे, हजारो वाण तपासायचे, त्यातले बरे तेवढे ठेवून पुन्हा तेच करायचे, अशा ११ फेऱ्या झाल्या. २७ अमिनो आम्ले बदललेले जे एन्झाइम शेवटी हाती आले, ते ५० टक्के डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये, लिटरला २०० ग्रॅम कच्च्या मालावर काम करते आणि उजव्या-डाव्या रूपांपैकी हवे तेच रूप ९९.९५ टक्क्यांहून जास्त देते. उत्पादकता ५३ टक्क्यांनी वाढली, कचरा १९ टक्क्यांनी घटला. भारतात या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपले. औषध बनवायची मुभा सगळ्यांना मिळाली; असे एन्झाइम स्वतः घडवण्याची ऐपत मात्र मोजक्यांकडेच राहिली.

पद्धत गुपित नाही. फ्रान्सेस आर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन हे एन्झाइम ६० टक्के डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये काम करू शकेल असे घडवून दाखवले. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. जनुकात बदल घडवणे आज स्वस्त आहे. खर्च येतो तो चाळणीला, म्हणजे हजारो वाण तपासून त्यातले बरे निवडण्याला. या क्षेत्राचा नियम सरळ आहे : ज्याची चाचणी घ्याल, तेच पदरात पडेल. स्वच्छ बफरमध्ये निवडलेले एन्झाइम आमच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, पंचेचाळीस अंशांवर, टेक्निकल ग्रेडच्या मालासमोर टिकेलच असे नाही. शिवाय बॅच संपली की खरी डोकेदुखी सुरू होते. माल वेगळा काढायला एथिल अ‍ॅसिटेट घालून ढवळले की प्रथिनांचा पांढरट थर दोन द्रावणांच्या मध्ये अडकून बसतो आणि काही केल्या फुटत नाही. ऑपरेटर साइट ग्लासला डोळे लावून उभा. शोधनिबंधात या थराला फार तर एक ओळ मिळते. आमची पाळी त्यात जाते.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी : पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था यांच्या सहकार्याने सामाईक चाळणी केंद्र उभारावे. ९६ खणांच्या प्लेट हाताळणारा रोबोट, एचपीएलसी, जीसी आणि लहान पायलट रिअ‍ॅक्टर तिथे असावेत. चाचणी कारखान्याच्या सॉल्व्हंटमध्ये, कारखान्याच्याच कच्च्या मालावर व्हावी. प्लेटमागे शुल्क आकारावे. आम्ही ते देऊ, फुकट नको. एका कारखान्याच्या एका प्रश्नासाठी ही यंत्रणा उभी करणे वेडेपणाचे आहे, पन्नास कारखान्यांसाठी मात्र हिशेबात बसते. प्रश्न घेऊन येणाऱ्याचा रेणू गुप्त राहील, असा लेखी करार हवा. त्याशिवाय कोणी दार ठोठावणार नाही.

सार्वजनिक पैशातून घडलेले वाण एकाच मोठ्या कंपनीला मक्त्याने देऊ नयेत. ते पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात ठेवून माफक शुल्कात अनेकांना परवाने द्यावेत.

जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी १९८९ चे नियम आहेत आणि ते असावेत. पण जिवंत वाण बंदिस्त टाकीत वाढवणारा आणि पेशी गाळून वेगळे केलेले एन्झाइम विकत आणून वापरणारा, या दोघांची जोखीम एक नाही. दोघांसाठी काय लागते आणि किती दिवसांत निर्णय होईल, हे राज्याने एका पानावर छापून द्यावे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाबाबतही एक मागणी आहे. धातू काढून एन्झाइम आणले की सांडपाण्याचे स्वरूप बदलते : जड धातू जातो, पण प्रथिने आणि उरलेल्या सॉल्व्हंटमुळे सीओडी (पाण्याची रासायनिक ऑक्सिजन-मागणी) वाढू शकतो. हे आम्ही लपवत नाही. अशा बदलासाठी संमतीपत्रातली दुरुस्ती एकूण भार पाहून, ठरलेल्या मुदतीत व्हावी. आज सुधारणा करणाऱ्यालाच जास्त कागद भरावे लागतात.

एन्झाइम हा सगळ्यावरचा उतारा आहे असे आमचे म्हणणे नाही. नायट्रेशनचे रिअ‍ॅक्टर उद्याही चालतील. कायरल (उजव्या-डाव्या रूपांची) अमिने, अल्कोहोले, एस्टरचे विघटन इथे मात्र वाट मोकळी आहे. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोई३ धोरण मंजूर केले असून त्यात सामाईक जैवउत्पादन केंद्रांची कल्पना आहे. त्यातले एक केंद्र लहान रसायन उत्पादकांसाठी राखून ठेवावे, असा प्रस्ताव राज्याने पाठवावा. चाचणीसाठी आपापल्या रखडलेल्या प्रक्रियांची यादी द्यायला आमच्या संघटनेचे सभासद तयार आहेत. चर्चेसाठी संघटनेच्या शिष्टमंडळाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद